एलसीचे कागद कोणी न्यायचे आणि कुठे द्यायचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चाकण, भोसरी, रांजणगाव, कुरकुंभ या पट्ट्यातून होणाऱ्या निर्यातीत लेटर ऑफ क्रेडिटवरचे (एलसी, म्हणजे ठरलेले कागद दिल्यावर निर्यातदाराला पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी) पैसे अडकले, की दोष परदेशी खरेदीदाराच्या दानतीला किंवा बँकेने काढलेल्या डिस्क्रिपन्सीला, म्हणजे कागदांतल्या तफावतीला, दिला जातो. बऱ्याच प्रकरणांत चूक त्याआधीच झालेली असते. कागद वेळेत तयार होते, बिनचूकही होते. पण ज्या बँकेत ते दिले, तिथे देऊन एलसीच्या अर्थाने ते सादर होतच नव्हते. छोट्या आणि मध्यम कारखान्यांत निर्यातीचे काम बहुधा एकाच माणसाकडे असते आणि त्याच्यापर्यंत हा मुद्दा कोणी नीट पोहोचवत नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

प्रश्न साधा वाटतो: एलसीखाली कागदपत्रे सादर करण्याचा अधिकार कोणाला? ज्या बँकेने एलसी आल्याचे कळवले तिलाच, अशी एक समजूत आहे. आपले खाते जिथे आहे त्याच बँकेला, अशी दुसरी. दोन्ही चूक आहेत. जवळजवळ सगळ्या एलसी आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या, म्हणजे आयसीसीच्या, यूसीपी ६०० या नियमांखाली निघतात. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या या नियमांत ३९ कलमे आहेत. दुसऱ्या कलमात प्रेझेंटर, म्हणजे सादर करणारा, याची व्याख्या दिली आहे: लाभार्थी (ज्याच्या नावे एलसी आहे तो निर्यातदार), बँक किंवा सादरीकरण करणारा अन्य कोणीही. म्हणजे निर्यातदार स्वतः, त्याची बँक, कस्टम हाउस एजंट, फ्रेट फॉरवर्डर, खरेदीदाराच्या देशातला निर्यातदाराचा प्रतिनिधी, यांपैकी कोणीही. सहाव्या आणि चौदाव्या कलमांतही 'लाभार्थ्याने किंवा त्याच्या वतीने' असेच शब्द आहेत.

मात्र त्याच दुसऱ्या कलमात सादरीकरणाचीही व्याख्या आहे आणि ती अगदी अरुंद आहे. एलसी उघडणाऱ्या बँकेला किंवा नॉमिनेटेड बँकेला (एलसीत त्यासाठी नेमलेल्या बँकेला) कागद देणे, एवढेच सादरीकरण. आणणारा कोणीही चालतो. घेणाऱ्या बँका दोनच प्रकारच्या, आणि एलसी कन्फर्म केलेली, म्हणजे दुसऱ्या बँकेने तिच्यावर आपली हमी जोडलेली, असेल तर तिसरी ती कन्फर्मिंग बँक. पुण्यातले बहुतेक घोळ इथेच होतात.

नॉमिनेटेड बँक कोणती, हे स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेवरून, आलेल्या एमटी ७०० संदेशाच्या ४१ क्रमांकाच्या फील्डमध्ये लिहिलेले असते. ४१डी मध्ये 'एनी बँक' असेल तर जगातली कोणतीही बँक नॉमिनेटेड ठरू शकते, आणि चिंचवडच्या आपल्या शाखेत दिलेले कागद तिथे दिल्या क्षणी सादर झाले. ४१ए मध्ये एखाद्या बँकेचा स्विफ्ट कोड असेल, किंवा ४१डी मध्ये तिचे नाव असेल, तर एलसी त्या बँकेपुरती मर्यादित आहे. अशा वेळी आपली बँक फक्त निरोप्या आहे. तिच्या काउंटरवर पडलेला शिक्का यूसीपीच्या दृष्टीने काहीच सिद्ध करत नाही. कागद नाव दिलेल्या बँकेत किंवा एलसी उघडणाऱ्या बँकेत पोहोचतील, तोच सादरीकरणाचा दिवस.

एक उदाहरण घेऊ. एलसी ३० तारखेला संपते आणि ४१ए मध्ये मुंबईतल्या एका परदेशी बँकेचे नाव आहे. निर्यातदार २८ तारखेला दुपारी कागद आपल्या पिंपरीच्या शाखेत देतो आणि दोन दिवस हातात आहेत म्हणून निश्चिंत होतो. शाखा ते कागद आपल्या मुंबईच्या प्रोसेसिंग केंद्राकडे पाठवते, तिथे तपासणी होते, कव्हरिंग शेड्यूल, म्हणजे कागदांसोबतचे पत्र, बनते, कुरिअर निघते. नाव दिलेल्या बँकेत कागद २ तारखेला पोहोचतात. शेरा येतो: 'क्रेडिट एक्स्पायर्ड'. ही डिस्क्रिपन्सी नंतर दुरुस्त करता येत नाही, कारण गेलेली तारीख कोणी परत आणू शकत नाही. आता पैसे मिळणे सर्वस्वी खरेदीदाराच्या मर्जीवर. बाजारभाव उतरलेला असेल तर तो सूट मागणार आणि निर्यातदार ती देणार, कारण माल बंदरावर उभा आहे आणि डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचा आकार, चढते आहे.

म्हणून एलसी हातात आली की ४१ आणि ३१डी ही दोन फील्ड शेजारी ठेवून वाचावीत. ३१डी मध्ये मुदत संपण्याची तारीख आणि ठिकाण असते. ठिकाण 'इंडिया' असेल आणि ४१ मध्ये 'एनी बँक' असेल तर सगळे आपल्या हातात. ठिकाण ढाका किंवा नैरोबी असेल, म्हणजे मुदत एलसी उघडणाऱ्या बँकेच्या काउंटरवर संपत असेल, तर कुरिअरचे दिवस आपल्या मुदतीतून वजा करावे लागतात. कधी ३१डी मध्ये भारत आणि ४१ मध्ये फक्त उघडणारी बँक, अशी परस्परविरोधी एलसीही येते. ती तशीच स्वीकारून माल पाठवू नये. सुधारणा मागून घ्यावी. माल कारखान्यात असतो तेव्हा खरेदीदार सुधारणा करून देतो. माल जहाजावर चढल्यावर त्याला घाई उरत नाही.

तारखांबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. मूळ वाहतूक दस्तऐवज, म्हणजे बिल ऑफ लेडिंग वगैरे, जोडायचा असेल तर शिपमेंटच्या तारखेनंतर २१ दिवसांत कागद सादर व्हायला हवेत, हा चौदाव्या कलमाचा नियम. ४८ क्रमांकाच्या फील्डमध्ये वेगळे दिवस दिले असतील, समजा १० किंवा १५, तर ते लागू. ५ ऑगस्टला माल जहाजावर चढला तर २६ ऑगस्ट हा शेवटचा दिवस, कारण ५ तारीख मोजायची नाही. पण एलसी स्वतः २० ऑगस्टला संपत असेल तर शेवटचा दिवस २० ऑगस्टच. जी तारीख आधी येईल ती खरी.

शेवटच्या दिवशी बँकेला सुट्टी असेल तर एकोणतिसाव्या कलमाने मुदत पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत वाढते. मात्र सुट्टी ज्या बँकेत कागद द्यायचे आहेत त्या बँकेची हवी. १५ ऑगस्टला किंवा गणेश चतुर्थीला आपल्या बँका बंद असतात. एलसी ढाक्यातल्या बँकेच्या काउंटरवर संपत असेल तर या सुट्ट्यांचा काही उपयोग नाही. उलट तिथे शुक्रवार-शनिवार बँका बंद आणि रविवारी चालू. मुदत अशी वाढली असेल तर कागद पुढे पाठवणाऱ्या नॉमिनेटेड बँकेने आपल्या कव्हरिंग शेड्यूलवर तसे लिहायचे असते. ती ओळ राहिली की निष्कारण पत्रव्यवहार होतो, म्हणून निर्यातदाराने ती आहे का ते पाहून घ्यावे. आणि ही वाढ सादरीकरणापुरतीच आहे. शिपमेंटची शेवटची तारीख सुट्टीमुळे वाढत नाही.

संपाचा नियम याच्या अगदी उलट आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. छत्तिसाव्या कलमानुसार संप, टाळेबंदी, दंगल, नैसर्गिक आपत्ती यांमुळे बँकेचे काम बंद पडले आणि त्या काळात एलसीची मुदत संपली, तर काम सुरू झाल्यावर बँक तिच्यावर पैसे देणार नाही. सुट्टी आली तर एक दिवस मिळतो, संप आला तर काहीच मिळत नाही. आपल्याकडे बँकांच्या संपाच्या नोटिसा आधी जाहीर होतात. त्या आठवड्यात एलसी संपत असेल तर कागद दोन-तीन दिवस आधी द्यावेत. ते जमणार नसेल तर थेट एलसी उघडणाऱ्या बँकेकडे कुरिअर करावे. सहाव्या कलमानुसार नॉमिनेटेड बँकेकडे उपलब्ध असलेली एलसी उघडणाऱ्या बँकेकडेही नेहमीच उपलब्ध असते. एखादे काउंटर बंद पडले म्हणून दुसरे बंद होत नाही.

मग थेट पाठवणेच सोपे नाही का, असे कोणी विचारेल. नियमाने चालते, पण त्याची किंमत आहे.

पहिली बाब कन्फर्मेशनची. खरेदीदाराच्या देशातल्या बँकेवर किंवा तिथल्या परकीय चलनाच्या स्थितीवर भरवसा नसेल तर निर्यातदार शुल्क भरून दुसऱ्या बँकेचे कन्फर्मेशन घेतो. आठव्या कलमानुसार कन्फर्मिंग बँकेची हमी लागू होते ती कागद तिच्याकडे किंवा दुसऱ्या एखाद्या नॉमिनेटेड बँकेकडे सादर झाले तरच. तिला वगळून कागद थेट उघडणाऱ्या बँकेकडे पाठवले, तर भरलेले शुल्क वाया आणि ज्या धोक्यापासून बचाव हवा होता तोच पुन्हा अंगावर. कन्फर्म केलेल्या एलसीत हा आडमार्ग कधीही घेऊ नये.

दुसरी बाब कागद वाटेत हरवण्याची. पस्तिसाव्या कलमानुसार नॉमिनेटेड बँकेने कागद अटींप्रमाणे आहेत असे ठरवून पुढे पाठवले आणि ते वाटेत गहाळ झाले, तर उघडणाऱ्या बँकेला पैसे द्यावेच लागतात. हे संरक्षण नॉमिनेटेड बँकेमार्फत गेलेल्या कागदांना आहे. आपण स्वतः कुरिअर केले, किंवा नॉमिनेटेड नसलेल्या आपल्या बँकेने केले, आणि पाकीट हरवले, तर नुकसान आपले. बिल ऑफ लेडिंगच्या तिन्ही मूळ प्रती एकाच पाकिटात असतील तर त्या पुन्हा मिळवताना शिपिंग कंपनी इन्डेम्निटी बाँड (नुकसान भरून देण्याचे हमीपत्र) मागते, त्याला बँकेची हमी मागते, आणि त्यात आठवडे जातात.

तिसरी बाब पैशांची. नॉमिनेटेड बँकेने अटींप्रमाणे असलेले कागद निगोशिएट केले, म्हणजे रक्कम येण्याआधी निर्यातदाराला पैसे दिले किंवा द्यायचे कबूल केले, तर सातव्या कलमाने तिला उघडणाऱ्या बँकेकडून भरपाई मागण्याचा स्वतंत्र हक्क मिळतो. नॉमिनेटेड नसलेल्या बँकेने तेच कागद डिस्काउंट केले तर तिला असा हक्क नाही; लाभार्थ्याला जेवढे मिळेल तेवढेच तिला. पुण्यातल्या शाखा मर्यादित एलसीवर पैसे द्यायला काचकूच करतात, जादा तारण मागतात, त्याचे कारण हे आहे. शाखाधिकाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा पुढच्या वेळी 'एनी बँक' मागून घेणे बरे.

नाव दिलेल्या बँकेत आपले खाते नसेल तर ती कागद घेईल का? बाराव्या कलमानुसार कन्फर्म न केलेल्या नॉमिनेटेड बँकेवर पैसे देण्याची सक्ती नाही. ती नुसते कागद घेऊन पुढे पाठवू शकते. तिने पैसे दिले नाहीत तरी मुदतीत तिच्या हातात कागद पडले असतील तर सादरीकरण वेळेत झाले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. म्हणून तिच्याकडून तारीख-वेळेची पोच घेणे अत्यावश्यक. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतही या अडचणीची दखल आहे: निगोशिएशन एका बँकेपुरते मर्यादित असेल आणि लाभार्थी तिचा ग्राहक नसेल, तरी ती बँक निगोशिएट करू शकते, मात्र रक्कम लाभार्थ्याच्या नेहमीच्या बँकेकडे पाठवायची. सहकारी बँकेत खाते असलेल्या भोसरीच्या कारखानदाराला हे माहीत असावे. आणि ती बँक कागद स्वीकारेल का, हे मालाचा कंटेनर कारखान्यातून निघण्यापूर्वी विचारावे. नाव दिलेल्या बँकेचा शाखेसह पत्ता एलसीत असेल तर त्याच शाखेत कागद न्यावेत. 'तीच बँक आहे, आमच्या पुण्याच्या शाखेत द्या' असे कोणी तोंडी सांगितले तर ते लेखी मागावे. यूसीपीने वेगवेगळ्या देशांतल्या शाखांना तर वेगळ्या बँकाच मानले आहे: त्याच नावाची दुबईची शाखा आणि मुंबईची शाखा या दोन बँका.

आता सादर करणारा कोण असावा, याचा सर्वांत व्यावहारिक भाग. सोळाव्या कलमानुसार बँकेने कागद नाकारले तर तिने एकच नोटीस द्यायची आणि ती सादर करणाऱ्याला द्यायची. लाभार्थ्याला असे तिथे लिहिलेले नाही. नाकारलेले कागद परत जातात ते सादर करणाऱ्याकडे, आणि पुढे काय करायचे याच्या सूचनाही त्याच्याच घेतल्या जातात. कस्टम हाउस एजंटाने आपल्या लेटरहेडवर कागद सादर केले असतील तर नोटीस एजंटाच्या ई-मेलवर जाणार. तो त्या दिवशी न्हावा शेवाला असेल आणि मेल तीन दिवसांनी पाहणार असेल, तर चुकीचे पॅकिंग लिस्ट बदलून मुदतीत पुन्हा सादर करण्याची संधी गेली. कुरिअरवाला फक्त वाहक असतो. सादर करणारा कोण, हे कव्हरिंग लेटरवरून ठरते. त्यामुळे एजंटाच्या हाती कागद पाठवायला हरकत नाही, पण पत्र निर्यातदाराच्या लेटरहेडवर आणि निर्यातदाराच्या सहीचे हवे.

त्या पत्रात एलसी क्रमांक, तारीख आणि उघडणाऱ्या बँकेचे नाव असावे. लाभार्थ्याचे नाव एलसीच्या ५९ क्रमांकाच्या फील्डमध्ये आहे तसेच, 'प्रायव्हेट'चे 'प्रा.' न करता लिहावे. प्रत्येक कागदाच्या मूळ प्रती किती आणि नकला किती याची यादी, मागणीची रक्कम, पैसे कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात पाठवायचे तो स्विफ्ट कोडसह तपशील, आणि नोटिशीसाठी दोन ई-मेल पत्ते व एक फोन द्यावा. 'डिस्क्रिपन्सी आढळल्यास कागद आमच्या सूचनेपर्यंत आपल्याकडे ठेवावेत, आमच्या लेखी संमतीशिवाय कोणालाही देऊ नयेत' हे वाक्य घालावे. दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का घ्यावा. बँकेच्या कामाच्या वेळेनंतर आणलेले कागद घ्यायला बँक बांधील नाही. संध्याकाळी सहाला पहारेकऱ्याकडे दिलेले पाकीट दुसऱ्या दिवशीच मोजले जाईल.

नोटिशीसाठी बँकेला सादरीकरणाच्या दुसऱ्या दिवसापासून जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस मिळतात. ढाक्यातल्या बँकेत बुधवारी कागद पोहोचले तर गुरुवार पहिला दिवस, शुक्रवार-शनिवार सोडून रविवार दुसरा आणि पुढचा बुधवार पाचवा. नकाराची एमटी ७३४ रविवारीही येऊ शकते, जेव्हा पुण्याची शाखा बंद असते. आपली बँक सादर करणारी असेल तर सोमवारी सकाळी तिच्या फॉरेक्स विभागाला फोन करावा. पाच दिवस उलटून गेल्यावर आलेली, किंवा डिस्क्रिपन्सी नेमकी कोणती ते न सांगणारी नोटीस टिकत नाही. बँकेला मग कागद अटींप्रमाणे नाहीत असे म्हणण्याचा हक्क राहत नाही. हा मुद्दा निर्यातदाराच्या बाजूचा आहे आणि तो वेळेवर, लेखी मांडावा लागतो.

काही एलसींत ४७ए फील्डमध्ये 'कागद बँकेमार्फतच सादर करावेत' किंवा 'लाभार्थ्याने थेट पाठवलेले कागद स्वीकारले जाणार नाहीत' अशी अट असते. अशी अट असली की यूसीपीची मोकळीक संपली. अट पाळायची किंवा बदलून घ्यायची. अट नसली तरी भारतातल्या निर्यातदाराने आपल्या ऑथोराइज्ड डीलर (परकीय चलनाच्या व्यवहारांचा परवाना असलेल्या) बँकेला अंधारात ठेवून कागद परस्पर पाठवू नयेत. यूसीपी हा करारातून लागू होणारा नियम आहे; फेमा हा परकीय चलनाबाबतचा देशाचा कायदा आहे. शिपिंग बिलाची नोंद रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या निर्यातीची बिले आणि त्यांचे पैसे यांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीत त्या बँकेच्या नावावर उघडी असते. पैसे आले तरी कागदांशी जुळणी झाली नाही तर बिल थकीत दिसत राहते आणि पुढच्या निर्यातीला त्रास होतो. थेट पाठवायचेच असेल तर आधी बँकेला पत्र द्यावे आणि पूर्ण संच तिच्याकडेही नोंदवावा.

मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत (दुसऱ्याचा माल घेऊन निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत) माल देणाऱ्या उत्पादकांसाठी दोन गोष्टी स्वतंत्रपणे सांगायला हव्यात. एलसी ट्रान्सफरेबल असेल आणि ती तुमच्या नावे वर्ग झाली असेल, तर तुम्ही दुसरे लाभार्थी. अडतिसाव्या कलमानुसार दुसऱ्या लाभार्थ्याने कागद वर्ग करणाऱ्या बँकेकडेच सादर करायचे. थेट उघडणाऱ्या बँकेकडे जाण्याची वाट इथे बंद आहे. कारण पहिला लाभार्थी तिथे आपले इन्व्हॉइस बदलून लावतो आणि फरक घेतो. मागितल्याबरोबर त्याने इन्व्हॉइस दिले नाही, तर बँक तुमचेच कागद पुढे पाठवू शकते. तुमचे पैसे त्याच्या आळसात अडकत नाहीत.

असाइनमेंट ऑफ प्रोसीड्स मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यावर विसंबून फसलेले पुरवठादार कमी नाहीत. एकोणचाळिसाव्या कलमानुसार तिच्यातून फक्त आलेल्या रकमेवर हक्क मिळतो; एलसीखाली काम पार पाडण्याचा हक्क मिळत नाही. एक्स्पोर्टरने दिलेले कागद पुरवठादार बँकेत नेऊन देऊ शकतो. पण एक्स्पोर्टरने इन्व्हॉइस काढलेच नाही, तर तो स्वतःचे इन्व्हॉइस लावून पैसे मागू शकत नाही, कारण अठराव्या कलमानुसार इन्व्हॉइस लाभार्थ्याचेच दिसले पाहिजे. सादरीकरण झाले नाही तर रक्कम नाही, आणि रक्कम नाही तर असाइनमेंटचा कागद रिकामा. लाखोंचा माल उधार देताना बँकेचे असाइनमेंटचे पत्र हे एलसीच्या तोडीचे तारण समजू नये.

भागीदारी संस्थेची एलएलपी झाली, प्रोप्रायटरी व्यवसायाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली, असे पुण्यात सतत घडते. एलसी जुन्या नावाने आणि इन्व्हॉइस नव्या नावाने गेले, की लाभार्थीच बदलला असे बँक म्हणते आणि तिचे चुकत नाही. लाभार्थ्याचे रूप बदलले तर काय, याबद्दल यूसीपी ६०० गप्प आहे. स्टँडबाय एलसीसाठी (समोरच्याने पैसे न दिल्यास वापरायच्या एलसीसाठी) असलेल्या आयएसपी ९८ मध्ये कायद्याने वारस ठरलेल्यांसाठी नियम आहेत. व्यापारी एलसीत त्यांचा आधार मिळणार नाही. नाव बदलण्याचा अर्ज करतानाच सगळ्या चालू एलसींची यादी काढावी आणि ५९ क्रमांकाच्या फील्डची सुधारणा मागवावी.

आणखी एक गैरसमज वाढतो आहे: बँकेला पीडीएफ मेल केली म्हणजे कागद सादर झाले. एलसीत ईयूसीपी (इलेक्ट्रॉनिक कागदांसाठीची यूसीपीची पुरवणी) लागू केलेली नसेल किंवा इलेक्ट्रॉनिक कागदांना स्पष्ट परवानगी नसेल, तर मेलला काही अर्थ नाही. तपासणीसाठी मसुदा आधी पाठवणे चांगले. मुदत मोजली जाते ती मूळ कागद पोहोचल्यापासून.

बँकांकडून मागणे फार नाही. मर्यादित एलसीचे कागद शाखेत आले तर पोचपावतीवरच लिहावे: 'ही एलसी आमच्याकडे उपलब्ध नाही; कागद अमुक बँकेकडे पाठवण्यासाठी घेतले आहेत.' एवढी ओळ वाचून निर्यातदार त्याच दिवशी माणूस मुंबईला पाठवेल. एमटी ७३४ आली की तिची प्रत त्याच दिवशी ग्राहकाला मेलने जावी. ती प्रोसेसिंग केंद्रातून शाखेत आणि शाखेतून ग्राहकाकडे फिरत राहिली तर दुरुस्तीचे दिवस वाटेतच संपतात. मराठा चेंबरने आणि औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी प्रत्यक्ष एमटी ७०० संदेश समोर ठेवून तो फील्डगणिक वाचायला शिकवणारे अर्ध्या दिवसाचे वर्ग मराठीतून घ्यावेत. निर्यातीचे काम करणाऱ्या मुलामुलींना फॉर्म भरता येतात. एलसी वाचायला त्यांना कोणी बसवत नाही.

निर्यातदारांनी तर प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवरच चार ओळी छापून घ्याव्यात: एलसी कोणत्याही बँकेत निगोशिएशनने उपलब्ध असावी, मुदत भारतात संपावी, सादरीकरणाला शिपमेंटनंतर २१ दिवस असावेत, आणि लाभार्थ्याचे नाव सोबत दिल्याप्रमाणे जसेच्या तसे असावे. खरेदीदार आपल्या बँकेत एलसीचा अर्ज भरतो तेव्हा तो हाच कागद समोर ठेवतो. एलसी आल्यावर सुधारणा मागायची तर प्रत्येक सुधारणेचे शुल्क पडते आणि उत्तराची वाट पाहण्यात जहाज निघून जाते.

आपले,
आयात-निर्यात कागदपत्रांचे आणि बँकांच्या परकीय व्यापार विभागांत काम करणारे काही वाचक,
पुणे